रुळांपलीकडचा एकतीस

चहा मी सांगितला होता. निदान माझी तशी पक्की समजूत होती.

मलकापूरला बायकोच्या भाच्याचं लग्न होतं. आम्हा वरपक्षाच्या मंडळींना मंगल कार्यालयाच्या माडीवरची खोली मिळाली होती. गाद्या अंथरलेल्या, भिंतीशी लोड, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर एक फोन. फोनला चिठ्ठी चिकटवलेली: स्वयंपाकघर, पाच. दुपारचं जेवण सगळ्यांना जड झालं होतं. मंडळी पडून उठली तसा थोरला मेहुणा जांभई देत म्हणाला, "जवाईबापू, तुमी फोनातले मानूस. चहाचं पाहा जरा."

सासुरवाडीनं माझ्या नोकरीची अशी चारचौघांत आठवण काढावी, असे प्रसंग फार येत नाहीत. मी ऐटीत उठलो, पाच दाबला, पलीकडे एक घंटी होऊ दिली आणि रिसीव्हर ठेवून दिला. "येतो आहे," म्हणालो आणि पुन्हा लोडाला टेकलो.

चहा आला नाही. मी मधूनमधून "येतोच आहे" म्हणत राहिलो, एकदा "दूध तापत असेल" असंही म्हणून पाहिलं. शेवटी मेहुण्याची सून खाली जाऊन आली. म्हणाली, "मामाजी, आचारी म्हणते फोन वाजला होता. उचलेपर्यंत बंद पडला." सगळी खोली माझ्याकडे पाहू लागली. बायको तेवढी पाहत नव्हती. ती खिडकीकडे तोंड करून पदरानं वारा घेत होती, म्हणजे तिनं सगळं पाहिलं होतं.

आता यांना कसं सांगावं, की एके काळी याच गावात एक घंटी म्हणजे चहा असे? अर्थात रुळांच्या त्या बाजूला. या बाजूला एका घंटीनं काय येत असे, ते पुढे सांगतो.

मीही खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खाली मांडव पडला होता आणि मांडवाखालची फरशी मी ओळखली. त्या फरशीवर पूर्वी कापसाच्या गंज्या लागत, छातीइतक्या, डोक्याइतक्या. नवरदेव-नवरीच्या खुर्च्या जिथे मांडल्या होत्या तिथे गाठींचा वजनकाटा होता. वाजंत्रीवाले बसले होते ती कापसातून सरकी काढणाऱ्या जिनांची शेड. कुठे काही उरलं नव्हतं. पण वाऱ्याची झुळूक आली आणि आचाऱ्याच्या फोडणीखालून, अत्तराखालून, झेंडूखालून एक जुना वास अगदी पुसट वर आला. सरकीचा. किंचित तेलकट, किंचित कुबट. तो माणसाच्या सदऱ्यात शिरला की कितीही धुतलं तरी जात नाही. जमिनीतूनही जात नसावा.

शेठजींचे दोन कारखाने होते. एक स्टेशनाच्या अंगाला आणि एक रुळांच्या पलीकडे, म्हणजे जिथे आता हे लग्न लागलं तो. दोन्हीकडे जिनिंग, दोन्हीकडे गाठी दाबायचा प्रेस, आणि दोन्हीकडे आपापला खाजगी टेलिफोन बोर्ड. कारखान्यातल्या कारखान्यात आकडा फिरवून कुणालाही बोलता यायचं. पण इकडच्या माणसाला तिकडच्या माणसाशी बोलायचं तर गावातल्या एक्स्चेंजमधल्या बाईंना विनवावं लागे. त्या लाईन देईपर्यंत माणूस रूळ ओलांडून, काम सांगून, वाटेत पान खाऊन परत येई. शेठजींच्या मनात आलं की दोन्ही बोर्ड एकमेकांना जोडावेत. इकडच्या टेबलावर आकडा फिरवला की थेट तिकडच्या टेबलावर वाजावं, मध्ये कुणी बाई नको. या कामासाठी त्यांना एक स्वस्तातला माणूस हवा होता. तो मी.

मी सोनाळ्याचा. टेलिफोनचं काम शिकून नुकताच बाहेर पडलो होतो आणि त्याच वैशाखात लग्न झालं होतं. अंगाची हळद पुरती गेली नव्हती तेवढ्यात मलकापूरहून बोलावणं आलं. बायकोला घरी आईवडिलांजवळ ठेवून, एक वळकटी आणि एक सोल्डरिंग आयर्न घेऊन मी निघालो. शेठजींनी मला समोर उभं करून सांगितलं, "दसऱ्याच्या पूजेला मी पलीकडच्या कारखान्यात बसेन. तिथून मी स्वतः नंबर फिरवीन. इथं वाजला, तर नोकरी पक्की, आणि कामगारांच्या लाईनीतल्या दोन खोल्या तुझ्या. बायकोला घेऊन ये. नाही वाजला, तर पुढच्या साली पाहू."

त्या दोन खोल्या मी रोज पाहायचो. कुलूप होतं, पण खिडकीची एक फळी निखळलेली. आतल्या भिंतींना निळसर चुना, एक कोनाडा, एक खुंटी, चुलीच्या जागी काळा डाग. फळीतून डोकावून मी संसार लावायचो. कोनाड्यात तिची कुंकवाची डबी. खुंटीला माझा सदरा. रांजण या कोपऱ्यात ठेवावा की त्या, यावर मी माझ्याशीच वाद घालायचो आणि हरायचो.

पावसाळा म्हणजे कारखान्याचा झोपेचा काळ. दसरा ते उन्हाळा धडधडणारी जिनं गप्प. मजूर आपापल्या गावी पेरणीला गेलेले. पत्र्यांवर पाऊस आणि पत्र्यांखाली पारवे. बारदानाच्या ढिगांना ओल चढलेली. ताडपत्रीत साचलेल्या पाण्यात बेडूक. मुंबईकडची गाडी गेली की रिकाम्या शेडींतून तिचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा आणि मग आधीपेक्षा जास्त शांत व्हायचं. मी माझ्या हातच्या भाकरी खायचो. त्या भाकरींबद्दल न बोललेलं बरं. ज्वारीनं माझं काय बिघडवलं होतं, की मी तिचं असं करावं? बायको तिकडे भरल्या घरात होती, सासू, सासरे, नणंदा, जावा. मी इकडे एकटा. तेव्हा दया करायची ती मी माझीच करायचो, आणि भरपूर करायचो.

काम म्हटलं तर सोपं होतं. तारखात्यानं खांबांवरून रुळांपलीकडे तारांच्या दोन जोड्या ओढून दिल्या होत्या. आमच्या बाजूचे सगळे नंबर दोननं सुरू होत, त्यांच्याही बाजूचे दोननंच. मी त्यांचे सगळे बदलून तीनचे केले. आता इकडे कुणी पहिला आकडा तीन फिरवला, की पत्र्याच्या कपाटातले चिमुकले लोहचुंबक खटखट करून ती तार पकडणार आणि दुसरा आकडा पलीकडे जाऊन पडणार. कागदावर हे झकास होतं. प्रत्यक्षात एकेक फोन वाजवून, उचलून, बोलून पाहायचा होता. त्यासाठी पलीकडे एक माणूस लागे. पावसाळ्यात पलीकडे एकच माणूस होता. कारखान्याच्या फाटकावरचे राखणदार भिकाजीमामा.

मामांना मी एकदोनदा पाहिलं होतं. खांद्यावर पोतं घेतलेला, उंच, वाकलेला म्हातारा. पण खरी ओळख झाली ती फोनवर. त्यांचा फाटकाचा फोन एकतीस. मी एकतीस फिरवायचा आणि सांगायचं, "मामा, आता बत्तीसकडे जा." मामा निघत. मी बत्तीस फिरवून कानाला लावून बसायचो. पलीकडच्या रिकाम्या कचेरीत घंटी वाजत राहायची, वाजत राहायची, आणि मी डोळे मिटून मामांच्या पायांबरोबर चालायचो. चिखल, मग फरशी, मग पायऱ्या. मग खट्.

"बोल नवरदेव." ते मला पहिल्या दिवसापासून नवरदेव म्हणत.

"कुठून बोलता मामा?"

"शेठजीच्या केबिनातून. खुर्चीवर बसून."

"उठा मामा."

"काऊन? शेठजी गेले मुंबईले. खुर्ची काय सांगते त्यायले?"

रुईच्या गोदामातून बोलले तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. "हळू बोल. इथं कुत्रीनं पिल्लं देल्ली."

"किती?"

"मोजू देऊन नाई राह्यली."

बॉयलरपाशी त्यांचा आवाज घुमायचा, बारदानाच्या ढिगाशेजारी दबायचा, वजनकाट्यापाशी त्यात पाऊस मिसळायचा. प्रत्येक ठिकाणी मामा मला तिथलं काही ना काही सांगत. इथं अमका बसे, दुपारच्याले पाय वर घेऊन झोपे. इथं तमकी बाई कापूस वेचता वेचता गाणं म्हणे, आता तिचा आवाज गेला. त्यांची बायको याच फरशीवर सरकी भरायला यायची, हेही त्यांनी असंच सांगितलं, आणि पुढे, "चाल, आता कुठं जाऊ?" मुलगा भुसावळला रेल्वेत होता. बोलावत होता. मामा जात नव्हते.

सगळे फोन वाजून झाले, तरी मी त्यांना पुन्हा पुन्हा वाजवत राहिलो. काम पक्कं करतो आहे, असं म्हणायचो. आखाड गेला. बायको आखाडीला माहेरी जाऊन परतली असेल. पोळा आला. मामांनी बत्तीसवरून सांगितलं की रस्त्यानं बैल चालले आहेत, शिंगांना बेगड लावलेले, आणि रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. मी कान देऊन बसलो. घुंगरं ऐकू आली म्हणाल तर आली, खरखर म्हणाल तर खरखर. "आयकलं का?" मामांनी विचारलं. आयकलं म्हणालो.

"सूनबाईले कोन्ती खोली देशील? पुढची का मागची?" ते विचारत.

"दोन्ही तिच्याच मामा."

"मंग तू कुठी राह्यशील बे?"

दसरा उजाडला. दोन्ही कारखान्यांत माणसं परतली. आमच्याकडे जिनांना झेंडूची तोरणं, प्रेसला हळदकुंकू. मी माझ्या पकडीला आणि सोल्डरिंग आयर्नला टिळा लावला. तिकडे शेठजी हंगामाच्या पहिल्या कापसापुढे पूजेला बसले होते. इकडे आम्ही सगळे कचेरीत फोनभोवती गोळा.

फोन वाजला.

"साफ ऐकू येतं रे," शेठजी म्हणाले. "शेजारी उभा असल्यासारखा. किल्ली संध्याकाळी घेऊन जा."

त्या क्षणी मी फळीतून न डोकावता, दार उघडून त्या खोल्यांत शिरलो होतो. रांजणाची जागासुद्धा ठरली. आमचे जिनमास्तर, पोट सुटलेले, दिलदार गृहस्थ, फोनकडे टक लावून उभे होते.

"अबे, हे तं खरंच लागते?"

"तुमीच फिरवा मास्तर. चौतीस. तिकडच्या जिनात वाजन."

मास्तरांनी चौतीस फिरवला, एक घंटी होऊ दिली आणि ठेवून दिला.

"बोलले नाई?"

"बोलाचं काय त्याच्यात? चहाले बोलावलं. येईन आता तिकडचा मास्तर."

इथं जरा थांबून सांगावं लागेल. आमच्याकडे जिनं चालू असली की कानात बोट घालावं असा आवाज. फोनवर काय बोलणार? म्हणून रीत अशी पडली होती, की एकच घंटी वाजून थांबली तर चहा आला, हात पुसून या. कुणी शिकवली नव्हती. होती. मास्तरांनी आनंदाच्या भरात ती रुळांपलीकडे पाठवली. सगळे हसले, मीही हसलो, पेढे फिरले. मग फोन वाजला, आणि या वेळी वाजतच राहिला.

"नवरदेव," मामा धापा टाकत होते. "कुठी लागली?"

"काय कुठी लागली?"

"आग."

"आग कुठली मामा? इथं पेढे वाटून राह्यले."

"मंग जिनात एक घंटी कोणं देल्ली?"

"ती चहाची होती."

पलीकडून नुसता गलका ऐकू आला. मग मामा म्हणाले, "इकडं एक घंटी म्हंजे आग असते रे. कापूस पेटला तं फोन धरून कोण उभा राह्यते? फिरवाचा, एकदा वाजू द्याचा, अन् पळाचं."

"मग?"

"मंग काय. सारे बकेटी घेऊन धावले. पूजेचा कापूस वल्ला झाला. समई इझली. भटजीचं पंचांग वल्लं झालं."

"आणि शेठजी?"

"शेठजी बी."

दोन्ही रीती शहाण्याच होत्या. दोन्हीकडच्या माणसांना त्या इतक्या अंगवळणी, की कुणी कुणाला सांगायचा प्रश्न आला नव्हता. आणि आमची घंटी तर पावसाळाभर लांबच वाजत आली होती, मामा पोचेपर्यंत. एका घंटीवर थांबायची वेळच आली नाही.

शेठजी जीपमधून आले. नव्या धोतराला चिखल, कानामागे झेंडूची एक पाकळी चिकटलेली. ती त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते हळूच म्हणाले, "सणाच्या दिवशी दिवा विझला. तोड ते. आजच." किल्ली कचेरीतल्या खिळ्याला टांगली होती. ती तिथेच राहिली.

दिवेलागणीला मी कपाट उघडलं. पकडीवरचा सकाळचा टिळा अजून तसाच होता. तोडायच्या आधी एकतीस फिरवला. घंटी पुरती व्हायच्या आत मामांनी उचलला.

"तोडतो मामा."

"तोड. शेठजीचा हुकूम हाय तं."

मी तोडलं नाही. त्यांनीही ठेवला नाही. तारेतून ती बारीक खरखर येत होती, पोळ्याच्या दिवशीसारखी. एक मालगाडी आली. आधी मला माझ्या दारातून ऐकू आली, मग मामांच्या फोनमधून. ती पूर्ण जाऊ दिली.

"सूनबाईले सांग, एका सालाची तं गोष्ट हाय," मामा म्हणाले.

मग मी पकड दाबली.

कुणी म्हणेल, रूळ ओलांडून जायचं होतं. गेलो ना. पुढच्या बाजारच्या दिवशी भजी घेऊन गेलो. मामांनी पोतं झटकून बसायला दिलं. आणि समोरासमोर बसल्यावर आम्हा दोघांना बोलताच येईना. ते माझ्याकडे पाहत, मी भज्यांकडे पाहत होतो. त्यांना एका डोळ्यानं कमी दिसतं, हे मला तेव्हा कळलं. पावसाळाभर मी ज्याच्याबरोबर चाललो होतो तो माणूस इथं नव्हताच. तो तारेत होता. उठताना मामा म्हणाले, "येत जाजो." मी हो म्हणालो. आम्हा दोघांनाही बरं वाटलं, की मी निघालो.

दिवाळीला सोनाळ्याला गेलो तेव्हा बायकोनं ट्रंक भरून ठेवली होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि ट्रंक पलंगाखाली सरकवली.

हंगाम जोरात आला. गावातल्या एक्स्चेंजच्या बाईंपुढे शेठजींचा धीर सुटला. उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच बोलावून सांगितलं, पुन्हा जोड. मी जोडलं आणि दोन्हीकडच्या प्रत्येक फोनवर रंगानं लिहिलं: एक घंटी देऊ नये. पुढच्या दसऱ्याला फोन वाजला, कापूस कोरडा राहिला, किल्ली मिळाली. एकतीस फिरवून मामांना सांगावं म्हटलं, तर पलीकडून कुणी तरणा आवाज "हॅलो" म्हणाला. मामा पावसाळ्याआधीच भुसावळला गेले होते. मी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. माझ्याच हातानं बसवलेला नंबर.

बायको आली. रांजण तिनं तिसऱ्याच कोपऱ्यात ठेवला.

हे सगळं मी त्या माडीवरच्या खोलीत मंडळींना सांगितलं. दरवर्षी कुठे ना कुठे सांगतोच. शेठजींच्या कानामागची पाकळी आली की मेहुणा मांडीवर थाप मारतो, या वेळीही मारली. मेहुण्याच्या सुनेनं हसत हसत पाच दाबला, पुरता वाजू दिला आणि चहा आला. पावसाळ्याचा भाग मी नेहमी जरा लांबवतो, तो एकटेपणा, त्या भाकरी, मग लोक "अरेरे" म्हणतात. ते म्हणाले.

संध्याकाळी बसस्टँडवर खामगावच्या गाडीची वाट पाहत आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. मांडीवर आहेराचं लुगडं, पिशवीत लाडू. मी अजून गोष्टीच्या गुंगीत होतो. म्हणालो, "काय दिवस होते. अख्खा पावसाळा, अन् मी एकटा."

तिनं पिशवीचा बंद नीट बांधला.

"हर खेपेले हेच सांगता," ती म्हणाली. "तुमचा फोन तिकडून उचलणारं कोणी तं होतं."